हजर आहे, पण राजी नाही

दातांच्या डॉक्टरनं गुलाबी लगद्यानं भरलेला साचा तिच्या तोंडात दाबून बसवला, "घट्ट होईपर्यंत अजिबात हलायचं नाही, आजी," असं बजावलं, आणि नेमकं तेव्हाच खिडकीतल्या रेडिओवरचं गाणं अर्ध्यात तुटलं आणि बातमी लागली. सगळं शहर जिला सरकार म्हणायचं, तिला तात्या गेल्याचं कळलं ते असं. जबडा वासलेला, हनुवटीवर लाळ, छातीवर कागदी रुमाल, आणि बोलायची सोय नाही.

"अरेरे," डॉक्टर म्हणाला. "पण एक्याण्णव म्हणजे काही कमी नाही हो. झोपेत गेले म्हणतायत. असं मरण भाग्यवंताला येतं. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाहीच, काय?"

सरकारनं खुर्चीचे हात घट्ट धरले. घशातून एक आवाज निघाला आणि लगद्यात अडकला.

"दुखतंय का? होतं तसं. नाकानं श्वास घ्या."

ती नाकानं श्वास घेत राहिली. डॉक्टर बिचारा नवा होता. आपल्या खुर्चीत कोण बसलंय याची त्याला कल्पना नव्हती, कारण सरकारला चेहऱ्यानं फारसं कुणी ओळखत नसे. आवाजानं मात्र सगळं शहर ओळखायचं. दुकानात तिनं नुसतं "साबण द्या" म्हटलं की गल्ल्यावरचा माणूस ताडकन उभा राहायचा. "या सरकार, काय हुकूम?"

तीस वर्षं, रोज सकाळी बातम्यांनंतर, तात्या आणि ती रेडिओवरचे नवरा-बायको होते. नवरा धांदरट, दर दिवशी काहीतरी हरवणारा. बायको जिभेनं सालटी काढणारी. तात्या हाक मारायचे, "सरकार, हजर आहात का?" आणि ती म्हणायची, "हजर आहे, पण राजी नाही!" तेवढ्यावरच घराघरांत चहाचे कप हिंदकळायचे. पोरं शाळेत हजेरीच्या वेळी तेच उत्तर द्यायची आणि छड्या खायची.

खऱ्या आयुष्यात तात्यांना बायको होती, मुलगा होता. सरकारनं लग्न केलं नाही. लोक आडून आडून विचारायचे, डोळे मिचकावायचे. तसं काही नव्हतं, हे अगदी खरं. पण काहीच नव्हतं असंही नाही. जाड दाराच्या त्या कोंदट खोलीत एकाच माइकवर दोघं डोक्याला डोकं लागेल इतकी वाकलेली असायची, आणि तात्या वाक्यात श्वास कुठं घेणार हे तिला त्यांच्याआधी कळायचं. दुसऱ्या कुठल्याही माणसाबद्दल तिला इतकं कधी कळलं नव्हतं.

साचा निघाला. सरकारनं ताटलीतली जुनी कवळी उचलून तोंडात कोंबली आणि ती उठलीच.

"अहो आजी, वरचं माप राहिलंय अजून!"

"राहू दे," सरकार म्हणाली.

डॉक्टरचा हात हवेतच राहिला. तो आवाज त्यानं लहानपणापासून ऐकला होता.

तात्यांच्या इमारतीखाली शेजारपाजारची, तिला ओळखणारी माणसं जमली होती. सरकार रिक्षातून उतरली तशी वाट करून दिली त्यांनी, पण गप्प कुणी झालं नाही. पिकलं पान हो, गळायचंच. सोनं झालं. सगळ्यांना हसवलं आणि कुणाला त्रास न देता गेला माणूस. एकानं तर तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "सरकार, अशा मरणाला दुःख करू नये, पाप लागतं."

वरची बैठकीची खोली तर मैफल भरल्यासारखी झाली होती. शेजारचे निवृत्त बँकवाले तात्यांचा हरवलेल्या छत्रीचा प्रसंग अभिनयासकट सांगत होते आणि सोफ्यावरची मंडळी पोट धरून हसत होती. मुलगा परदेशातून यायचा होता, त्यामुळे न्यायचं दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. सून एका हातात फोन आणि एका हातात चहाचा ट्रे घेऊन धावत होती.

सरकार आतल्या खोलीत गेली. चार वर्षांनी.

चार वर्षं तिला या खोलीत कुणी येऊच दिलं नव्हतं. फोन केला की सून म्हणायची, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. तात्यांच्या बायको, म्हणजे वहिनी, म्हणायच्या, फार अशक्तपणा आहे, डॉक्टर भेटू नका म्हणतात. दोनदा ती एवढे जिने चढून आली आणि दारातूनच परत गेली. मग तिनं स्वतःची समजूत घातली, की आजारी माणसाला कुणी भेटायला नको असतं, त्यातून आपल्यासारखी तोंडाळ तर नकोच.

तात्या पांढऱ्या चादरीखाली अगदी एवढेसे दिसत होते. दाढी कुणीतरी घाईत केली असावी, कानाखाली चार खुंट राहिले होते. ते खुंट पाहिले आणि तिला हुंदका आला.

पण पायथ्याच्या खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. हात मांडीवर, डोळे कोरडे ठक्क. लग्नाच्या बायकोच्या डोळ्यांत टिपूस नाही, आणि रेडिओवरची बायको गळा काढते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? दारात चार-पाच डोकी डोकावत होतीच. सरकारनं आलेला हुंदका माशाच्या काट्यासारखा गिळला.

"बाई, जरा आत या," वहिनी म्हणाल्या. अख्ख्या शहरात तिला सरकार न म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

स्वयंपाकघरात येऊन वहिनींनी दार लोटून घेतलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर परत हशा पिकला.

"तुम्हाला इतकी वर्षं वर येऊ दिलं नाही. का ते सांगून टाकते."

"वहिनी, आत्ता नको."

"आत्ताच. नंतर माझी हिंमत होणार नाही." त्यांनी पदरानं कोरडंच तोंड पुसलं. "अशक्तपणा वगैरे सगळं खोटं होतं. डोकं गेलं होतं त्यांचं. आधी शब्द गेले, मग माणसं. मुलाला ओळखेनात. मला तर त्याच्याही आधी विसरले. पण रोज दुपारी चारच्या सुमाराला, सकाळ समजून, उठून बसायचे, कॉलर सारखी करायचे आणि हाक मारायचे."

पुढचं सरकारला कळलं. कळू नये, कळू नये, असं वाटत असतानाच कळलं.

"'सरकार, हजर आहात का?'" वहिनी सपाट आवाजात म्हणाल्या. "पहिल्यांदा मी म्हटलं, अहो, मी आहे ना. तर माझ्याकडे पाहून म्हणतात, 'बाई, जरा सरकारला बोलवा, वेळ झाली.' उत्तर आलं नाही की घाबरायचे. दारं बडवायचे. लहान पोरासारखे रडायचे हो! शेवटी मी जुनी रेकॉर्डिंगं काढून बसले. तुमचा आवाज ऐकून ऐकून पाठ केला. या वयात! हेल चुकला की माझ्यावर खेकसायचे. मग जमला. तेव्हापासून रोज दुपारी मी तुम्ही व्हायची."

सरकारनं मागं हात चाचपला. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

"एक फोन करायचा होता," ती म्हणाली. "वहिनी, एकच फोन. मी धावत आले असते. रोज आले असते. सरपटत आले असते."

"माहीत होतं. म्हणूनच नाही केला." वहिनींचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुम्ही आला असता, ते हसले असते. मग मी कोण उरले असते? चहा आणून देणारी बाई? साठ वर्षं संसार केला मी. शेवटी त्यांच्या डोक्यात जी बायको शिल्लक राहिली, ती मी नव्हते. निदान ती माझ्या तोंडून तरी बोलू दे, म्हटलं."

सरकारच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. या बाईच्या एक थोबाडीत द्यावी, आणि हिच्या गळ्यात पडावं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिला आपल्या दुपारी आठवल्या. इथून चार गल्ल्या पलीकडे, खिडकीतल्या एकुलत्या कुंडीला पाणी घालत, शब्दकोडी सोडवत, कंटाळा येतो म्हणून पाच वाजताच दिवा लावत काढलेल्या दुपारी. त्याच वेळी इकडे तात्या कॉलर सारखी करून तिची वाट बघत होते.

"आज पहाटे हाक मारली, तर उठेनात," वहिनी सांगत होत्या. "हात लावला, गार. आणि बाई, पहिला विचार काय आला माझ्या मनात, सांगू? आज दुपारी सरकार व्हायला नको." त्या हसल्यासारखं काहीतरी करून थांबल्या. "रडू येत नाही मला. सगळं आधीच पिळून झालंय. बाहेर म्हणतात ना, सोनं झालं? म्हणू देत. तेच बरं आहे. तुम्हीही तसंच म्हणा. माझ्यासमोर रडू नका, एवढं करा."

सरकारनं मान हलवली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी रेडिओवरच्या तरुण निवेदकाचा फोन आला. उद्या सकाळी तात्यांच्या जुन्या वेळेला खास कार्यक्रम होता. "'हसत हसत निरोप', असं नाव ठेवलंय, सरकार. रडारड अजिबात नको. तात्यांना आवडली नसती."

"तुला काय माहीत, त्यांना काय आवडलं असतं?"

"म्हणजे... सगळेच म्हणतायत तसं."

तिनं हो म्हटलं, कारण घर खायला उठलं होतं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर झाली. रडावं तर वहिनींना शब्द दिलेला. रडू नये तर छातीवर कुणी दगड ठेवून वर बसलंय असं वाटत होतं. आणि रडायचं तरी कोण म्हणून? विधवा नाही, बहीण नाही, लेक नाही. तिच्या दुःखाला नातंच नव्हतं.

स्टुडिओत आता एकाऐवजी दोन माइक होते आणि दोघांच्या कानांवर हेडफोनची डबडी. निवेदक गोड पोरगा होता, त्याच्यात खोट नव्हती. त्यानं गंमत विचारली, तिनं सांगितली. पहिल्याच महिन्यात एकदा खोलीतले दिवे गेले, कार्यक्रम तर सुरू, आणि तात्यांनी अंधारात अख्खा प्रसंग पाठीमागच्या कपाटाशी बोलून काढला. दिवे आले तेव्हा ते कपाटाला म्हणत होते, "सरकार, आज फार गप्प गप्प?" काचेपलीकडचे तंत्रज्ञही हसले. सरकारही हसली. मन मोठं लबाड असतं, ते हसतंही.

"तर श्रोतेहो, इतकं भरभरून जगलेल्या माणसासाठी दुःख कसलं करायचं?" निवेदक रंगात आला होता. त्यानं तात्यांचा आवाज काढला. बरा काढला. "सरकार, हजर आहात का?"

तिचं तोंड उघडलं. तीस वर्षांची सवय, ओळ जिभेवर तयार होती. पण तिला वहिनी दिसल्या. दुपारच्या उन्हात पलंगासमोर उभ्या राहून, तिचा हेल जमवणाऱ्या.

निवेदकानं हातानं खूण केली, बोला, बोला.

"नाही," सरकार म्हणाली. "मी नव्हते हजर. आणि मला फार वाईट वाटतंय."

निवेदकाचं हसू चेहऱ्यावर तसंच चिकटून राहिलं.

"कालपासून सगळे मला समजावतायत, वाईट वाटू नये म्हणून. वय झालं होतं, वय झालं होतं. अरे, एक्याण्णव वर्षांचा माणूस काय हप्त्यानं जातो? थोडासाच जातो? अख्खा गेलाय तो. वीस वर्षांचा जातो तितकाच अख्खा. त्यानं तुम्हाला हसवलं म्हणून त्याच्या मरणाचंही हसूच करायचं का? मला नाही येत. मला घसा फाडून रडायचंय आणि कालपासून कुणी जागाच देत नाही!"

काचेपलीकडे धावपळ झाली. निवेदकानं घाईघाईनं एक फोन जोडून घेतला. पलीकडे एक फार म्हातारा, कापरा बायकी आवाज होता.

"मी ब्याण्णवची आहे," आवाज म्हणाला. "कालपासून घरात सगळे बोलतायत, की वय झालेलं होतं, सुटले, बरं झालं. माझ्यासमोर बोलतात. मला ऐकू येत नाही असं वाटतं त्यांना." जरा दम खाऊन त्या म्हणाल्या, "तर मला एवढंच विचारायचंय, की माझ्या वेळी कुणी रडणार आहे की नाही?"

निवेदकानं सरकारकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता.

"मी रडेन, ताई," सरकार म्हणाली. "कळवायला सांगून ठेवा घरी. हजर राहीन मी."

तिनं माइक बाजूला सारला. गाणं लावलं गेलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्यासाठी फोन येऊन थांबला होता. तात्यांची सून होती. पाठीमागे कुणीतरी ओरडत होतं, गुरासारखं.

"काय बोललात तुम्ही रेडिओवर?" सून रडकुंडीला आली होती. "इतक्या शांत होत्या आई कालपासून! आता कुणाला आवरेनात. गाडी खाली येऊन थांबलीय, त्या हात लावू देत नाहीत. या आधी इकडे. तुम्ही केलंय, तुम्हीच निस्तरा."

रिक्षात सरकार सीटच्या टोकावर बसली होती. आपण काय करून बसलो! तिला एवढंसं रडायचं होतं, आणि त्यापायी पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचं काळीज थांबलं तर? रस्त्यावरच्या प्रत्येक लाल दिव्याला ती शिव्या घालत होती.

वर गेली तर बैठकीतली मंडळी भिंतीला चिकटून उभी होती. काल हसवणारे बँकवाले चपलांकडे बघत होते. रात्रीच्या विमानानं आलेला मुलगा आईच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा होता. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या, पलंगाच्या कडेला कपाळ लावून, तात्यांच्या बाहीला दोन्ही मुठींनी धरून.

"अहो, मी आहे," त्या म्हणत होत्या. "सरकार नाही, मीच आहे. मी. एकदा तरी ओळखा हो! आता तरी ओळखा!"

सरकार गुडघे धरत धरत त्यांच्याशेजारी खाली बसली. वहिनींनी तिला पाहिलं आणि तिचं मनगट पकडलं. नखं रुतली.

"तुम्ही मारा हाक. तुमच्या आवाजाला उठायचे ते. मारा ना! मी रागावणार नाही. एकदाच उठवा, मग मी विचारते त्यांना, मी कोण ते."

सून तोंडावर हात दाबून बाहेर गेली. मुलगा म्हणाला, "आई, असं काय करतेस? बाबांचं वय झालं होतं..."

"गप्प बस तू," सरकार त्याला म्हणाली. मग वहिनींकडे वळली. खोटं बोलायला कितीतरी जागा होती. तुम्हालाच हाक मारायचे हो ते, मनात तुम्हीच होतात, असं म्हणता आलं असतं. तिच्या ओठांवर आलंही होतं.

"वहिनी, ते गेले," ती म्हणाली. "आता ते कुणालाच ओळखणार नाहीत. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

वहिनींनी तात्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांची मूठ सुटली आणि त्या तिच्या अंगावर कोसळल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून अशा रडल्या, की दारातली माणसं एकेक करून जिन्यात निघून गेली. लोक काय म्हणतील, हे सरकारला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. कवळी निसटली, ती तिनं मुठीत धरली आणि ती रडतच राहिली. रडून मोकळं वाटतं म्हणतात. तिला काही मोकळं वाटलं नाही. फक्त आता रडणं एकटीचं नव्हतं, एवढंच.

दुपारी तात्यांना खाली नेलं. गाडीत मागे घरच्या माणसांपुरतीच जागा होती. कुणीतरी नातेवाईक कुजबुजले, बाईंना दुसऱ्या गाडीत बसवा. वहिनींनी सरकारचा दंड सोडला नाही. "ह्या माझ्याजवळ बसतील," त्या म्हणाल्या, आणि त्यावर कुणी बोललं नाही.

गाडी गल्लीतून बाहेर पडली तर मोठा रस्ता दोन्ही बाजूंनी माणसांनी फुलला होता. बाल्कन्या भरल्या होत्या. बापांनी पोरं खांद्यावर घेतली होती. गाडी दिसली आणि एकानं टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग तो आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा सगळीकडून आला. लोक हसत होते, हात हलवत होते, शिट्ट्या मारत होते. प्रेमानंच. त्यात काडीचंही वाईट नव्हतं.

वहिनींनी कान दाबून घेतले. "नको हो," त्या कण्हल्या. "थांबवा कुणीतरी. सहन होत नाही मला. थांबवा ना!"

मुलगा गोंधळून ड्रायव्हरकडे बघू लागला. गाडी तर मुंगीच्या पावलानं चालली होती. सरकारनं खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि होता नव्हता तेवढा जीव घशात आणून ती ओरडली, "बंद करा त्या टाळ्या! ऐकू येत नाही का? बंद करा म्हणते ना!"

क्षणभर रस्ता गप्प झाला. तो आवाज सगळ्यांनी ओळखला.

"सरकार!" कुणीतरी आनंदानं किंचाळलं. "अरे, सरकार रागावल्या!"

आणि हशाचा असा लोंढा उठला, की गाडीच्या काचा थरथरल्या. कडेच्या म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होत्या. टाळ्या दुप्पट झाल्या. सरकार अजून ओरडत होती, हात जोडत होती, तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती जितकी ओरडे तितके लोक अधिक हसत होते.

मुलानं हलकेच तिचा खांदा धरून तिला आत ओढलं आणि काच वर केली. वहिनींचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं, त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले आणि कान आणखी घट्ट दाबून धरले. स्वतःचे झाकायला तिच्याकडे हात उरले नव्हते.